चंद्री दोनदा आडवी आली

१९९६, डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळ. कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक, मुंबईची गाडी.

हजर: बाबा, आई, नुकतंच लग्न झालेला माझा नवरा सुधीर, मी, दोन सुटकेस, आईनं तीन पिशव्यांत गुंडाळलेला चटणीचा डबा आणि एक म्हैस.

गैरहजर: दत्ता.

बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं, म्हशीचं तेवढं ठरलेलं नव्हतं. गाडी स्टँडबाहेर वळली आणि ती रस्त्यात आडवी उभी राहिली. गळ्यात तुटलेलं दावं, अंगावर वाळलेलं शेण आणि चेहऱ्यावर, आपण अगदी वेळेत पोचलो, असा भाव. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कंडक्टर खाली उतरून तिच्या पाठीवर थापा मारून आला. एका रिक्षावाल्यानं शेपूट पिळून पाहिलं. ती हलली नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तिला ओळखलं. गंगावेशीतली चंद्री. दत्ताची.

मी उतरले, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "चंद्रे, बाजूला हो. रात्रीचं विमान आहे, उशीर होतोय." तिनं माझ्या मनगटावर एक गरम श्वास सोडला आणि ती बाजूला झाली. मी जागेवर येऊन बसले. सुधीर कौतुकानं म्हणाला, तुला म्हशी हाकता येतात, हे तुझ्या घरच्यांनी सांगितलं नव्हतं.

तोवर आईबाबा मागून चालत आले होते. बाबांनी घड्याळ पाहिलं. आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "तिथं दूध कसलं मिळतं ते कळव." गाडी निघाली. वाहतुकीचा प्रश्न सुटला, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

हे आता लिहायचं कारण असं, की मस्कतमधल्या माझ्या मैत्रिणी आणि कोल्हापुरातला आमचा बी.कॉम.चा वर्ग, दोन्हीकडून गेले काही महिने एकच प्रश्न येतोय. हे ठरलं कसं? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. ज्यांना अर्धं माहीत आहे त्यांनी अर्धं गाळून वाचावं.

मस्कतवाल्यांसाठी आधी थोडी माहिती. कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन दूध प्यायची पद्धत आहे. गवळी म्हशी घेऊन येतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि ते फेसाळ, कोमट दूध तुम्ही उभ्या उभ्या पिता. तालमीतली पोरं पितात, वकील पितात, दुकान बंद करून घरी निघालेले व्यापारी पितात. माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे. ते रोज शाहूपुरीतून गंगावेशीपर्यंत चालत जायचे, घरचा पितळी पेला पिशवीत घालून, आणि मला बरोबर न्यायचे. दत्ताचे वडील चंद्रीखाली बसलेले असायचे. पेला भरून रिकामा होईपर्यंत मी बाबांना उद्याची यादी म्हणून दाखवायची. वाण्याकडून साबण, आईचा चष्मा दुरुस्तीला, लायब्ररीचं पुस्तक परत, मावशीला फोन. ही सवय मला तेव्हापासूनची आहे.

गंमत अशी, की मी यादी म्हणायला लागले की चंद्री पान्हा सोडायची. एरवी तिला चुचकारत बसावं लागायचं. दत्ताचे वडील सांगायचे, "मास्तर, लेकीला घेऊन येत जावा. ती बोलाय लागली की म्हस कान देऊन उभी ऱ्हाती." बाबा म्हणायचे, "बरं झालं. घरात तर कुणी ऐकत नाही."

दत्ता माझ्याच वर्गात होता. पहाटे धारा काढून, अंघोळ करून कॉलेजला यायचा आणि तरी त्याच्या अंगाला वैरणीचा हलका वास असायचा. मला तो आवडायचा, हे मला बऱ्याच नंतर कळलं. आमच्यात काय होतं, असं मुग्धानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मध्यंतरी विचारलं. सांगण्यासारखं काही नव्हतं. तो माझ्या पेल्यात फेस जास्त ठेवायचा. मी परीक्षेच्या आधी त्याला अकाउंट्स समजावून सांगायची. त्यानं कधी काही म्हटलं नाही, मीही नाही. मग सुधीरचं स्थळ आलं. मस्कतची नोकरी, चांगलं घर, हसरा माणूस. मला नाही म्हणायला कारण लागतं, आणि तसं कारण कुणी माझ्या हातात दिलं नाही.

मस्कत मला आवडलं, हे इथल्या लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, मी तिकडे वाळूकडे बघत रडत बसले असणार. रुवी भागातल्या आमच्या इमारतीमागे तपकिरी, उघडे डोंगर होते आणि संध्याकाळी ते गुळासारखे दिसायचे. कोपऱ्यावर करक चहा मिळायचा, शेजारच्या बेकरीत गरम खुब्स, म्हणजे तिथली रोटी. शुक्रवारी सुट्टी असते, हे अंगवळणी पडायला वर्ष गेलं आणि परत आल्यावर रविवारी सुट्टी असते हे अंगवळणी पडायला दुसरं जाईल. मी तिथल्या एका शाळेत बसगाड्यांचं काम पाहायची. कुठली बस, कुठला रस्ता, कुठलं मूल कुठल्या वळणावर चढणार, कुठला ड्रायव्हर रजेवर. "यल्ला" म्हणजे चला आणि "खलास" म्हणजे संपलं, या दोन शब्दांवर मी अख्खा विभाग चालवला.

दूध मात्र पावडरचं होतं. पहिल्या फोनवर आईला तसं सांगितलं तर तिनं फोन बाबांच्या हातात दिला. नंतर कित्येक वर्षं ती फोनवर आधी दुधाचं विचारायची, मग माझं. आता आई नाही, बाबा नाहीत. दुधाचं विचारणारंही कुणी उरलं नव्हतं.

सुधीर गेला तेव्हा मुग्धा कॉलेजात होती. सकाळी ऑफिसला गेलेला माणूस संध्याकाळी आला नाही, एवढंच लिहिते. चांगला संसार झाला आमचा. घरात त्याच्या हसण्याचा आवाज एवढा मोठा होता, की नंतर मी सगळी कामं मोठ्यानं बोलत करायला लागले. फ्रीजशी, इस्त्रीशी, भिंतीवरच्या कॅलेंडरशी. ऐकणारं कुणी नसलं तरी यादी मोठ्यानं म्हटल्याशिवाय मला कामं सुचत नाहीत.

मग आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. सगळ्यांनी भेटायचं ठरलं. आठवडाभर नुसत्या हात जोडलेल्या बाहुल्या आणि गुलाबाची फुलं येत राहिली, काम कुणी हातात घेईना. शेवटी मी मस्कतहून एक लांब व्हॉइस नोट टाकली. हॉल कुणी बघायचा, जेवणाचं कुणी, कुणाला आणायला गाडी पाठवायची, फोटोवाल्याला कुणी सांगायचं. ते संमेलन काही झालं नाही, ते वेगळं. पण त्या दिवशी मला दत्ताचा स्वतंत्र मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिला.

"तुझं बोलणं गोठ्यात लावलतं. चंद्रीनं पान्हा सोडला. रेडकू गेल्यापासनं हात लावू देत न्हवती."

त्यांच्या घरात एक चंद्री म्हातारी झाली की तिच्याच वंशातल्या एकीला तेच नाव देतात. ही त्या स्टँडवरच्या चंद्रीची पणती असावी किंवा खापरपणती. मी विचारलं, "कोणत्या वाक्याला?"

उत्तर आलं. "खुर्च्या भाड्यानं आणायच्या न्हाईत, ह्या वाक्याला."

असं सुरू झालं. कोल्हापुरात धारेची वेळ संध्याकाळी सहा, म्हणजे मस्कतमध्ये साडेचार. शाळेच्या बस परत आलेल्या असायच्या, मी घरी येऊन चहा टाकलेला असायचा. मग मी फोन तोंडाशी धरून चंद्रीला दुसऱ्या दिवशीची यादी सांगायची. बस नंबर चारचं टायर. नव्या ड्रायव्हरला शाळेमागचा रस्ता दाखवणे. एसीवाल्याला फोन. मेथी मिळाली तर घेणे. दत्ता उत्तर द्यायचा ते नेहमी चंद्रीच्या नावानं. "चंद्री विचारतीया, मेथी मिळाली का?" "चंद्री म्हणती, त्या ड्रायव्हरला एकट्याला सोडू नगंस." एकदा मला पाठदुखी झाली, तर चंद्रीनं शेक घ्यायला सांगितलं आणि दोन दिवसांनी घेतलास का म्हणून रागावलीही. आम्ही दोघं पन्नाशीतली माणसं आणि आमच्यामध्ये ही म्हैस. मला त्यात गैर काही दिसलं नाही. त्याचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. बायकोला गोठ्याजवळ राहणं जमेना, तिनं सरळ तसं सांगितलं आणि ती गेली. तिचं आता इचलकरंजीत छान चाललंय, हेही मला चंद्रीनंच कळवलं.

आता जे सांगणार आहे त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला. दत्तानं म्हशी वेळेवर बाहेर काढल्या आणि मुरगूडला मामांच्या रानात नेऊन बांधल्या. तिथं वीज नाही, रेंज नाही. माझ्या मेसेजवर एकच खूण दिसायची, म्हणजे पोचलेला नाही. तरी मी रोज साडेचारला स्वयंपाकघरात उभी राहून यादी म्हणत होते. फोनमध्ये नाही, नुसतीच. सवय. एक दिवस अर्ध्यात दाराची बेल वाजली. शेजारीण हळदीचा डबा मागायला आली होती, ती थोडं बोलत उभी राहिली. ती गेल्यावर मी उरलेली यादी पुरी केली.

पाणी उतरल्यावर दत्ताचा फोन आला. म्हशी सुखरूप आहेत म्हणाला. चंद्री तिकडेही रोज सहाला पश्चिमेकडं कान करून उभी राहायची आणि आपलं आपण दूध द्यायची. मग त्यानं विचारलं, "बुधवारी काय झालतं गं? निम्मी धार झाली आणि बंद केलीन. पाच-धा मिनटानं परत सोडलीन."

बुधवारीच शेजारीण आली होती. मी त्याला सांगितलं, हळद द्यायला गेले होते. तो "हां" म्हणाला, मीही "हां" म्हणाले, आणि आम्ही दोघांनी विषय बदलला. माझ्या कामाच्या कागदांत सगळ्या गोष्टींना रकाने असतात. ह्याला रकाना नव्हता.

त्याच वर्षी शाळेनं बसगाड्यांचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. माझी जागा गेली. तिथं नोकरी गेली की रहिवासाचा परवानाही जातो, तुम्ही किती वर्षं राहिलात, किती डोंगर नावानं ओळखता, हे कुणी विचारत नाही. दिवाळीच्या आत निघायचं होतं. मुग्धानं बेंगळुरूला माझ्यासाठी खोली तयार ठेवली, पडदेसुद्धा लावले. ठरलं असं, की मी आधी कोल्हापूरला जायचं, आईबाबांचा शाहूपुरीतला बंद फ्लॅट आवरायचा, विकायला काढायचा आणि भाऊबीज झाली की बेंगळुरू. बेंगळुरूचं तिकीटही काढून झालं. निघताना शाळेतल्या सलमानं मला मजमर दिला. ऊद, लुबान जाळायचं मातीचं रंगीत पात्र. म्हणाली, नवीन घरात पहिला धूर ह्याचा कर. मी तो हातातल्या पिशवीत ठेवला, सुटकेसमध्ये नाही.

कोल्हापुरात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गंगावेशीत गेले. दत्ताचे केस पांढरे झालेत, खांदे तसेच आहेत. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "चहा घेणार?" इतक्या वर्षांनंतर हेच. त्याच्या आईला सगळी गल्ली आक्का म्हणते. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आलीस व्हय? लई येळ लावलास." मी पुढे काही बोलायच्या आत तिकडे गोठ्यात चंद्रीनं माझा आवाज ओळखून दावं ओढलं. खरं तर मी फक्त "नमस्कार करते" एवढंच म्हणाले होते.

पुढचे पंधरा दिवस दत्ता रोज येत होता. कपाटं हलवायला, रद्दी न्यायला, नळ बघायला. बोलायचा ते सगळं कामाचं. एकदा म्हणाला, बेंगळुरूला हवा बरी असते म्हणं. एकदा म्हणाला, पोरीजवळ असलेलं बरं. मी त्याच्याकडे बघत राहिले की तो स्क्रू शोधायला लागायचा. मला कळत होतं. मस्कतला राहिलेली बाई गोठ्याशेजारी कशाला येईल, असं तो स्वतःशी ठरवून मोकळा झाला होता. आणि मीही, एवढ्या वर्षांनी येऊन कुणाच्या घराची घडी कशाला मोडा, असं ठरवून पुस्तकांची खोकी बांधत होते. तिकीट फ्रीजवर चुंबकाखाली लावलेलं होतं. दोघंही येता जाता ते बघत होतो.

आक्कांनी एकदा मला गाठलंच. म्हणाल्या, "ह्यो काय तोंड उघडणार न्हाय. ह्याच्या बापानं बी मला इचारलं न्हवतं. माझ्या बापानं ठरवलं, झालं. आता तुमचं ठरवाय बाप आणायचा कुठनं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आता पाडव्याबद्दल. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवतात. न्हाऊ घालतात, अंगावरचे केस कापून नक्षी काढतात, शिंगं रंगवून मोरपिसं लावतात, गळ्यात घुंगरांचे पट्टे. मग मालक मोटारसायकलवरून पुढे सुसाट जातो आणि म्हैस त्याच्या मागनं पळते. दोरी नाही, काठी नाही. गर्दीतून, फटाक्यांतून, तिच्या माणसाच्या गाडीमागे. हे बघायला गाव लोटतं. ते झालं की म्हशीला आपल्या माणसांच्या दारात नेतात आणि त्या घरची बाई तिला ओवाळते. आक्कांचा नियम कडक. "म्हस जिथं ओवाळून घेतली ते घर आपलं. दिसंल त्या दारात न्हेत न्हाय आमी."

दत्तानं पाडव्याच्या आदल्या दिवशी मला मुद्दाम सांगितलं, आम्ही शाहूपुरीकडं येत नाही, आमची वाट ती नाही. डोळे जमिनीकडे. मी म्हटलं, बरोबर आहे, शाहूपुरीत रहदारी फार.

पाडव्याची माझी यादी पक्की होती. अभ्यंगस्नान, फराळाची ताटं शेजारी, दिवाणखान्यातल्या गाद्या उन्हात, उरलेली खोकी ट्रान्सपोर्टवाल्याकडे. ओवाळायचं ताट यादीत नव्हतं. आईचं चांदीचं तबक, निरांजन, सगळं आदल्या आठवड्यातच बेंगळुरूला रवाना झालं होतं. ओवाळायला घरात होतं कोण?

मुग्धा दिवाळीला आली होती. संध्याकाळी ती पायरीवर पणत्या लावत होती आणि मी गॅलरीत उभी राहून उरलेली कामं म्हणत होते, नेहमीसारखी मोठ्यानं. सहा वाजले होते, हा हिशेब मी नंतर लावला. गॅसची नळी बंद करणे. किल्ल्या दलालाकडे. एवढ्यात लांबून घुंगरं ऐकू आली. घुंगरं जवळ आली, वळली आणि आमच्या फाटकाशी थांबली. खालून मुग्धाचा आवाज आला, "आई, तुझ्याकडे कुणीतरी आलंय."

चंद्री रस्त्यात आडवी उभी होती. शिंगं सोनेरी, मोरपिसं वाकडी झालेली, पाठीवर कात्रीनं काढलेलं कमळ. मागे दोन रिक्षा, एक मोटार आणि फराळाचे डबे घेऊन निघालेलं एक कुटुंब स्कूटरवर. सगळे हॉर्न वाजवत होते. कुणीतरी म्हणालं, "पावणं, म्हस कुणाची हाय ही?" मी खाली गेले. तिच्या कपाळावर हात ठेवला. तोच गरम श्वास मनगटावर आला आणि मला स्टँड आठवला, आईचा खिडकीशी आलेला चेहरा, बाबांचं घड्याळ. तेव्हा काय म्हणाले होते, ते ओठांवर आलं होतं.

ह्या खेपेला तसं म्हणाले नाही. म्हणाले, "थांब, आले."

वर पळत गेले. तबक नाही, निरांजन नाही, कुंकवाची डबी खोक्यात. पण हातातली पिशवी कोपऱ्यात होती. मी मजमर काढला, निखारा नव्हता म्हणून कापूर पेटवला, त्यावर लुबानाचे खडे टाकले. मुग्धानं देव्हाऱ्याच्या कोनाड्यातून चिमूटभर हळद आणली. खाली आले तोवर कोपऱ्यावरून दत्ताची मोटारसायकल येत होती, मागे आक्का दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून बसलेल्या. मिरवणुकीत मागे वळून पाहिलं तर म्हैस नाही, असं झालं होतं.

आक्का उतरल्या ते बोलतच. "नदीकडं गेलतास का आधी? न्हाय न्हवं? सांग की हिला."

"न्हाय," दत्ता म्हणाला. धापा टाकत होता. "मागल्या खेपेला नदीकडं गेलतो. ह्या खेपेला सरळ हिकडं आलो."

मला कळेना. मग आक्कांनी सगळ्या रहदारीसमोर खुलासा केला. मी मस्कतला निघाले त्या सकाळी दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर यायला निघाला होता. त्याला मला काहीतरी सांगायचं होतं. तेवढ्यात चंद्रीनं दावं तोडलं आणि पळाली. म्हैस सुटली की नदीकडं जाते, असं प्रत्येक गवळ्याला माहीत असतं. तो शर्टासकट पंचगंगेच्या काठानं दुपारपर्यंत तिला शोधत फिरला. आणि ती बसला आडवी उभी होती.

"त्याच्या आधी पोचलीती ती," आक्का म्हणाल्या. "ह्याला वाटलं, पळून गेली. निरोप घिऊन गेलती."

दत्ता माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदा जमिनीकडे नाही. मीही बघत होते. रिक्षावाल्यानं हॉर्न बंद केला होता. मी चंद्रीच्या कपाळाला हळद लावली आणि मजमर तिच्याभोवती फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. लुबानाचा धूर शाहूपुरीत पसरला. स्कूटरवरची बाई म्हणाली, कसला छान वास आहे हो. चंद्रीनं नाक वर करून तो ओढून घेतला, जणू रोज संध्याकाळी साडेचारला तो तिच्यापर्यंत पोचतच होता. मुग्धानं फ्रीजमधला ओमानी हलवा आणला. चंद्रीनं तो एका घासात खाल्ला, कागदासकट.

आक्का फाटकाला टेकून म्हणाल्या, "झालं की आता. ओवाळलंस." आणि आत जाऊन त्यांनी आपला आपण चहा करून घेतला.

मुग्धानं त्याच रात्री फ्रीजवरचं तिकीट काढून घेतलं. पडदे राहू देत, म्हणाली, येशील तेव्हा लागतील. ह्या सगळ्याला आता काही महिने झाले. फ्लॅट विकला नाही. बाबांचा पितळी पेला कल्हई करून आणला आणि संध्याकाळी तो पिशवीत घालून मी गंगावेशीपर्यंत चालत जाते. कट्ट्यावर उभी राहून दुसऱ्या दिवशीची यादी म्हणते, ऐकणारी कान देऊन उभी राहते, आणि पेल्यात फेस जास्त असतो. सलमाचा मजमर गोठ्याच्या खिडकीत आहे. डास कमी झाले म्हणून आक्का खूश आहेत. शुक्रवारी मस्कतच्या मैत्रिणींचे फोन येतात. त्या विचारतात, घरची आठवण येते का? दोन्ही घरांची येते. फक्त इथं दुधाचं काय म्हणून विचारायला कुणाला फोन करावा लागत नाही.

काम बरंच उरकलंय. गॅसची नळी झाली, बँकेतला पत्ता बदलला, ट्रान्सपोर्टवाल्याकडून आईचं तबक परत मागवलं, धार काढायला शिकतेय आणि अजून नीट जमत नाही. आक्कांनी लग्नाचा मुहूर्त बघायला घेतलाय. वर्गाच्या ग्रुपवर हॉल कुठला घ्यायचा, ह्यावर भांडणंही सुरू झालीत. सगळ्यांच्या लेखी ठरलेलं आहे. एकच काम रोज यादीत सगळ्यात वर लिहिते आणि रोज ते उद्यावर जातं. दत्तानं अजून विचारलेलं नाही, आणि मीही त्याला तोंडानं हो म्हटलेलं नाही.

चंद्रीला सांगून झालंय. दत्ताला सांगायचं राहिलंय.